दौंडला उतरवलेला प्रवासी

या ब्लॉगवर मी तुम्हाला चिखलदऱ्यापासून लोणारपर्यंत बरंच हिंडवलं आहे, पण पुण्याला कधी नेलं नाही. वाचकांपैकी दोघातिघांनी तसं टोकलंही. खरं कारण असं की आमच्या घरात पुणं हा विषयच नव्हता. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा पुण्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचं बरं. बाबांनी पत्रिका उघडलीसुद्धा नाही, ‘जुळत नाही’ म्हणून परत पाठवली. आई चार दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

त्यामागे माझे आजोबा होते. बाबा त्यांना अण्णा म्हणत. अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. अक्षर असं की लोक लग्नपत्रिकांवर नावं घालून घ्यायला रांग लावत. मग हळूहळू त्यांना कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. ते भिंतीशी भांडत, वर्गात मध्येच गप्प होत, शाळेतून निघून भलतीकडेच जात. नोकरी गेली. त्या काळी अशा माणसाचं काय करायचं ते कोणाला ठाऊक होतं? थोरल्या भावाने त्यांना मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. एक दिवस कडी उघडी राहिली आणि अण्णा गेले. बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते.

बारा वर्षं वाट पाहायची, असं आमच्यात आहे. बारा वर्षांत माणूस परतला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. पुढे दहावं, तेरावं, सगळं रीतसर. ही मुदत भरत आली असताना गावातला एकजण पुण्याहून परतला आणि म्हणाला, नारायण पेठेत रस्त्यावर राहणारा आणि एका चौकात फळा लिहिणारा माणूस अगदी तुमच्या अण्णांसारखा दिसला. कोणता चौक ते त्याला सांगता येईना, म्हणून बाबांच्या मोठ्या काकांनी, म्हणजे अण्णांच्या त्याच थोरल्या भावाने, पुण्याच्या एका दैनिकात नोटीस दिली: असशील तिथून ये, कोणी रागावणार नाही, अमुक तिथीपर्यंत न आल्यास उत्तरक्रिया करण्यात येईल. मजकूर काकांनी सांगितला आणि बाबांनी लिहिला. कोणी आलं नाही. बाबांनी पुतळ्याला अग्नी दिला, तेव्हा त्यांना नुकती नोकरी लागली होती. आजीने मंगळसूत्र काढलं. तेराव्याला वाढपी माणसं कमी पडली, वरणाचं पातेलं बाबांनी एकट्याने उचललं, ते कलंडलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो डाग अजून आहे. लहानपणी आम्ही विचारायचो तेव्हा बाबा हसून सांगायचे, ‘आमच्या अण्णांनी जाताजाता दिलेली खूण.’

या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. सावरले, पण बोलणं जरा जड झालं. नवरात्र संपल्यावर एका संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाले, “वैशू, तू एवढी गावं पालथी घालून राहिलीस. एकदा पुण्याला जाऊन पाह्य ना. अण्णांनी ती नोटीस वाचली होती काय, तेवढंच पाहिजे मला.”

“आणि वाचूनही आले नसले तर?”

“तर तसं सांग. पण खोटं नको सांगू, माझ्याच्यानं आता खोट्यावर नाही राहवत.”

गोष्ट अशी अडकली होती. वाचून आले नाहीत, म्हणजे त्यांना आम्ही नको होतो. आणि वाचलीच नाही, म्हणजे जित्या माणसाला बाबांनी आपल्या हाताने जाळलं. दोन्हींपैकी एक काहीतरी मला घेऊन यायचं होतं. तुम्हीच सांगा, अशा प्रवासाची बॅग कशी भरतात!

पहिला दिवस

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपून निघाले. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रवास सुट्टीतच करावा लागतो. अमरावतीहून पुण्याला खासगी बस भरपूर आहेत, पण सणानंतर त्यांचे दर अंगावर येतात. मी रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. तुम्हीही तसंच करा. स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्यांच्या गराड्यातून वाट काढून सरळ मेट्रो गाठा. कोथरूडला जायचं असेल तर गाडी बदलावी लागत नाही आणि एका वडापावच्या खर्चात काम होतं.

कोथरूडला माझी मामेबहीण सुलभा राहते. बँकेतून निवृत्त झाली, आता सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि बँकेपेक्षा जास्त काम करते. तिच्या खिडकीतून टेकडी दिसते आणि खाली दुचाक्यांची अखंड रांग. मी आल्याचं कारण ऐकून ती म्हणाली, “इतक्या वर्षांनी? कागद तरी राहिलेत का गं?” मग माझा चेहरा बघून तिने पटकन पोहे टाकले.

कागद राहिलेत का, ही शंका खरीच होती. नदीकाठच्या पेठांमध्ये पानशेतच्या पुरात काय काय वाहून गेलं याची मोजदाद नाही. त्याआधीचे अंक मिळणं अवघड. आमची नोटीस पुरानंतरची, एवढंच नशीब.

दुसरा दिवस

डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत पेठेत जा. रिक्षा करू नका, चालण्याइतकंच अंतर आहे आणि एकेरी रस्त्यांमुळे रिक्षा तुम्हाला पुणे दर्शन घडवते. पुलावर मी थांबले. खाली पात्रात पाणी कमी, शेवाळ जास्त. दोन माणसं पुलाच्या सावलीत पोती पसरून झोपली होती. एरवी मी अशा माणसांकडे बघून न बघितल्यासारखं करते. त्या दिवशी मला तसं करता येईना.

वाचनालयाचं नाव मी देत नाही, कारण तिथल्या ग्रंथपालबाईंनीच तसं बजावलं आहे. “नाव घातलंत की लोक येतात,” त्या म्हणाल्या. वाचनालयात लोक आलेले नकोत, हे फक्त पुण्यातच ऐकायला मिळतं. दारावर पाटी होती: ‘दुपारी वाचनालय बंद असते. दार वाजवल्याने ते उघडत नाही.’

एका दिवसाच्या वाचकासाठी नाममात्र शुल्क आहे. ओळखपत्र न्या, आणि तोंडाला बांधायला रुमाल न्या, कारण जुन्या फायलींची धूळ फार वाईट. फोटो काढायला परवानगी लागते.

“कशासाठी हवेत अंक?” बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“आजोबांचा शोध घेतेय.”

“प्रसिद्ध होते का?”

“नाही हो. बेघर होते. रस्त्यावर राहायचे.”

त्यांनी पंखा माझ्या बाजूला वळवला आणि बांधीव अंकांचा पहिला गठ्ठा स्वतः आणून ठेवला.

तुम्ही कधी जुनी वर्तमानपत्रं ओळीने वाचली आहेत का? मोठ्या बातम्यांकडे लक्षच जात नाही. मी आतली पानं बघत होते. ‘बेवारस प्रेत’, ‘अनोळखी इसम’, ‘वेडसर इसमाचा धुमाकूळ’. अंगावर मळका सदरा, उजव्या पायास जुनी जखम, वय अंदाजे अमुक. प्रत्येक वर्णनाशी मी अण्णांना ताडून पाहत होते, आणि जुळलं नाही की सुटल्यासारखं वाटत होतं. मग लगेच वाटायचं, हासुद्धा कोणाचा तरी अण्णाच असेल.

दुपारी बाहेर काढलं गेलं. जवळच्या खानावळीत जेवले. घडीच्या पोळ्या, भरलं वांगं, ताक. दर माफक, वाढणारे काका कडक. “पानात टाकू नका,” म्हणाले, मी अजून काही टाकलेलं नसताना. भाजीत साखर आहे हो, वऱ्हाडी माणसाने तिखटाची पुडी जवळ ठेवावी.

संध्याकाळी नोटीस सापडली. बाबांनी तोंडपाठ सांगितली होती तशीच, शब्दाला शब्द. ‘चि. यास अनेक आशीर्वाद’ नाही, काही नाही, नुसतं ‘असशील तेथून ये’. सुलभाला फोन करून ती वाचून दाखवली. पण नोटीस छापली गेली हे तर आम्हाला ठाऊकच होतं. ती वाचली कोणी, हे कुठे छापून येणार?

तिसरा दिवस

खरं म्हणजे तिसऱ्या दिवशी मी सिंहगडावर जाणार होते. तुमच्यासाठी पिठलं-भाकरीचे फोटो वगैरे. सुलभाने डबा देऊन मला पुन्हा वाचनालयात धाडलं. “दोन पानं राहिली असं आयुष्यभर वाटत राहील तुला,” म्हणाली. तिचं हे मी विसरणार नाही.

नोटिशीतल्या तिथीच्या पुढचे अंक चाळायला घेतले. त्या दैनिकात एक विनोदी सदर यायचं, गावोगावच्या गमती. चुटके असतात म्हणून मी ते वगळतच आले होते. त्या सकाळी कंटाळून वाचायला लागले. मजकूर मी उतरवून आणला आहे:

‘स्वतःच्याच तेराव्याला! विनातिकीट प्रवास करणाऱ्या एका वेडसर इसमास काल दौंड येथे गाडीतून उतरविण्यात आले. कोठे निघालास असे विचारता, “अमरावतीस माझे तेरावे आहे,” असे उत्तर त्याने दिले. स्वतःच्या तेराव्यात तुझे काय काम, असे विचारता तो म्हणाला, “मुलगा लहान आहे. एवढे कार्य एकट्याला झेपायचे नाही. हाताखाली माणूस नको का?” हे ऐकून डब्यातील मंडळींची हसून पुरेवाट झाली. त्याच्या खिशात आमच्याच पत्रातील एका नोटिशीचे कात्रण निघाले. सदर इसम नारायण पेठेत फलक लिहितो असे कळते. समज देऊन त्यास सोडण्यात आले.’

मी ते परत परत वाचलं. मला त्या डब्यातल्या मंडळींचा भयंकर राग आला. साठ वर्षांपूर्वी हसलेल्या माणसांवर रागावून काय उपयोग, पण आला. मग रडू आलं, आणि रुमाल तोंडाला बांधलेला असल्यामुळे सगळं त्यातच गेलं. ग्रंथपालबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी उभ्यानेच मजकूर वाचला, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “फोटो काढा. परवानगी आहे.” मग जरा वेळाने, “नारायण पेठेतला फळ्याचा चौक इथून मागेच आहे. फळा अजून आहे. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी जमतात.”

पुण्यात चौकाचौकांत मंडळांनी उभारलेली पेपर वाचायची जागा असते, वर पत्रा, खाली बाक, आणि शेजारी काळा फळा. सुविचार, सभा, आणि कोण गेलं त्याची बातमी खडूने लिहितात. मी पोचले तेव्हा बाकावर एकच गृहस्थ होते, ऐंशीच्या पुढचे, इस्त्रीचा सदरा. नाव आप्पा. जन्म नारायण पेठेतला, नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची, हे त्यांनीच सांगितलं.

“पूर्वी इथे एकजण फळा लिहायचे. बेघर होते. आपल्याला आठवतात का?” मी विचारलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. “आधी बसा. उभ्याने विचारायचा विषय नाही हा. मास्तर आपले कोण?”

“आजोबा.”

“उशीर केलात,” आप्पा म्हणाले. रागाने नाही, वेळ सांगावी तसं.

मग ते बोलत राहिले. “फळा मंडळाचा, खडू मंडळाचे, अक्षर मास्तरांचं. झोपायला नदीकाठी, नाहीतर देवळाच्या ओसरीवर. कधी आठ-आठ दिवस हवेशी भांडायचे, तेव्हा फळा कोरा. पण बरे असले की पहाटे सगळे पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार. एक खोड होती बघा. कोणाचीही निधनवार्ता लिहिली की खाली ‘मागे एक मुलगा आहे’ असं लिहायचेच. गेलेल्याला चार मुली असोत, नाहीतर लग्नच झालेलं नसो. नातेवाईक भांडायला यायचे आमच्याशी! एका ब्रह्मचारी बुवांच्या खालीसुद्धा लिहिलं होतं. केवढा गोंधळ झाला.”

आम्ही दोघंही हसलो.

“मास्तर एकदा गावाला निघाले होते,” मी म्हटलं.

“माहीत आहे. परत आले ते पायीच आले असणार, पायांच्या चिंध्या झाल्या होत्या. आम्ही पोरं म्हणालो, मास्तर, वर्गणी काढतो, तिकीट काढून देतो, जा परत. तर म्हणाले, ‘आता काय उपयोग? पंगत उठली असेल.’ पुन्हा तो विषय काढला नाही. एकदाच म्हणाले की ज्याचं सगळं करून झालंय त्याने दारात उभं राहू नये, घरची माणसं घाबरतात.”

अण्णा त्यानंतर आणखी बरीच वर्षं त्याच फळ्याशी होते. एका थंडीत गेले. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. मंडळाच्या पोरांनी खांदा दिला, वैकुंठ स्मशानभूमीत नेलं.

“अग्नी कोणी दिला?” मी विचारलं.

“मी. कोणीतरी द्यायलाच हवा होता ना. फळाही मीच लिहिला. अक्षर माझं कोंबडीचे पाय. खाली त्यांचंच वाक्य घातलं, मागे एक मुलगा आहे म्हणून. पेपरवाल्यांनी तसंच उचललं. ते खरं असेल असं मात्र वाटलं नव्हतं हो.”

मी भर चौकात त्यांच्या पाया पडले. ते “अहो, अहो” करत पाय मागे घेत होते. आप्पांनी साल सांगितलं होतं, त्यामुळे संध्याकाळी वाचनालयात ती चार ओळींची बातमीही सापडली: ‘फलकलेखक “मास्तर” यांचे निधन. त्यांच्या मागे एक मुलगा आहे.’ तारीख मिळाली, पंचांगावरून सुलभाने तिथी काढली. माघातली निघाली. आमच्याकडे आजवर अण्णांचं श्राद्ध सर्वपित्रीला व्हायचं, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांबरोबर.

परतीचा प्रवास

सुलभाने वाटेसाठी दशम्या आणि बाकरवडी दिली. दुपारची गाडी घेतली, ती मुद्दाम, उजेडात दौंड दिसावं म्हणून. प्रवासी म्हणून सांगायचं तर दौंडला बघण्यासारखं काही नाही. फलाट, चहावाले, एक मोठी पाण्याची टाकी. मी उतरून उभी राहिले. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी दारातून हाक मारली, “अहो ताई, चढा, सुटेल गाडी!” मी चढले. माझ्याजवळ तिकीट होतं, खालची बर्थ होती, दशम्या होत्या.

बाबांना सांगायचं की नाही, हा विचार रात्रभर डोक्यात होता. ‘वाचली नव्हती’ म्हटलं असतं तर सोपं पडलं असतं. एवढ्या जुन्या कागदात काही सापडलं नाही, हे कोणीही मान्य केलं असतं. पण त्यांनी खोटं नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी चहासुद्धा न घेता फोनमधला मजकूर वाचून दाखवला, मथळ्यासकट, हसून पुरेवाट झाली त्याच्यासकट. आप्पांचं सगळं सांगितलं. फळ्यावरच्या त्या ‘मागे एक मुलगा आहे’ वाक्याचंही.

“कुठं उतरवलं म्हणालीस?”

“दौंडला.”

“अन् काहून निघाले होते म्हणे? ते पुन्हा वाच.”

मी वाचलं. ‘मुलगा लहान आहे. एवढे कार्य एकट्याला झेपायचे नाही. हाताखाली माणूस नको का?’

बाबांनी डाव्या हाताने उजव्या बाहीची घडी वर सारली. कोपरापर्यंतचा तो डाग, इतक्या वर्षांत फिका पडलेला. त्यावरून ते बोटं फिरवत राहिले आणि रडायला लागले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

“मोठं होतं गं ते पातेलं,” ते म्हणाले. “दोघांनी उचलायचं होतं. मी किती वेळ हाका मारून राहिलो होतो, कोणीतरी दुसरीकडून धरा म्हणून.”

“हो बाबा.”

“तेच धरायले निघाले होते.”